रीतसर न मिटलेला संप

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत सुरू झालेला संप आजवर कोणीही रीतसर मागे घेतलेला नाही. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांनी घेतला नाही. 16 जानेवारी 1997 रोजी पवईत त्यांची हत्या झाली, त्यानंतर दुसऱ्या कोणी घेण्याचा प्रश्नच उरला नाही. आज करी रोड स्टेशनातून बाहेर पडून महादेव पालव मार्गाने भारतमाता सिनेमाकडे चालू लागलं, की मान दुखेपर्यंत वर बघायला लावणारे टॉवर दिसतात. पण याच भागातल्या गिरणी कामगारांच्या चाळींमध्ये संपानंतर कितीतरी वर्षं सांगितलं जायचं, "संप कुठे मिटलाय अजून?" आणि गंमत अशी, की या वाक्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

अशा वेळी माणूस स्वतःला फसवतो म्हणजे नेमकं काय करतो, हे कोडं तत्त्वज्ञांना फार जुनं आहे. दुसऱ्याला फसवणं सोपं असतं, कारण खरं काय ते मला ठाऊक असतं आणि त्याला नसतं. पण फसवणारा आणि फसणारा एकच असेल तर? मला खरं ठाऊक असेल तर मी फसेन कसा, आणि ठाऊक नसेल तर फसवेन कसा? झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, असं आपण म्हणतो. इथे तर सोंग घेणाऱ्यालाच आपण सोंग घेतलंय याचा पत्ता नसतो.

हे खरोखर घडतं का, याचा एक भन्नाट प्रयोग क्वात्रोन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केला. 38 विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात बुडवून, सोसेल तितका वेळ ठेवायला सांगितलं. मग थोडा व्यायाम करायला लावला आणि सहज बोलल्यासारखं कानावर घातलं, की ज्यांचं हृदय धडधाकट असतं त्यांना व्यायामानंतर गार पाणी जास्त वेळ सोसतं. काहींना नेमकं उलट सांगितलं, की कमी वेळ सोसतं. मग हात पुन्हा पाण्यात. ज्यांना 'जास्त' सांगितलं त्यांच्यातल्या बहुतेकांनी हात जास्त वेळ ठेवला, 'कमी' ऐकलेल्यांनी लवकर काढला. हात थोडा ताणून ठेवल्याने हृदय काही सुधारत नाही, हे कुणालाही कळतं. तरी "मुद्दाम केलं" अशी कबुली फक्त 9 जणांनी दिली. आणि ज्यांनी नाकारलं, तेच आपलं हृदय ठणठणीत असल्याचं जास्त खात्रीने सांगत होते!

आल्फ्रेड मीली हा अमेरिकी तत्त्वज्ञ म्हणतो, की कोडं आपण उगाच अवघड करून ठेवलंय. डोक्यात कुणी खोटारडा बसलेला नसतो. हवंसं वाटणारं खरं ठरावं म्हणून आपण पुरावे निवडतो, सोयीच्या पुराव्याकडे पुन्हा पुन्हा बघतो, गैरसोयीच्या पुराव्याची कसून उलटतपासणी घेतो. मला यात एक भर घालावीशी वाटते. स्वतःला फसवायला खोटं बोलावंच लागत नाही. एखादं खरं वाक्य सापडलं आणि त्याच्या पुढचा प्रश्न विचारायचा राहिला, की काम झालं.

गिरणी कामगारांकडे अशी खरी वाक्यं भरपूर होती. सुमारे अडीच लाख माणसं एकजुटीने बाहेर होती, हे खरं. 1983 मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या 13 गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला, हेही खरं. 1984 मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतरच्या काँग्रेस लाटेतही सामंत लोकसभेवर निवडून आले, हेही खरंच. मालक भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेतायत, साचे भंगारात जाण्याइतके जुने झालेत आणि गिरणीखालची जमीन गिरणीपेक्षा महाग झालीय, ही वाक्यंही खरीच होती. पण ती घरात बोलायची कोणी? बायकोचं मंगळसूत्र गहाण पडलेलं, पोरं गावी धाडलेली. इतके महिने काढल्यावर माघार घेतली, तर ते महिने वाया गेले हे मान्य करावं लागतं. पुन्हा चाळीत जो कचरतो तो फितूर. रॉबर्ट ट्रिव्हर्स या जीवशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं, की स्वतःला पटवलेला माणूस दुसऱ्याला जास्त छान पटवतो. गेटसभेत शेजाऱ्याचा धीर टिकवायचा, तर आधी आपला टिकलेला दिसला पाहिजे.

म्हणून कामगारांना भाबडे म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. 1946 च्या कामगार कायद्याने गिरणी कामगारांच्या एकाच संघटनेला मान्यता, आणि त्या संघटनेवर विश्वास उरलेला नाही. अशा माणसाने आशेला धरून राहणं हा शहाणपणाचाही एक प्रकार असू शकतो. तो शहाणपण राहतो की नाही, हे बाहेरच्यांनी मागाहून ठरवणं फार सोपं.

शिवाय शहराने तरी काय वेगळं केलं? 1991 च्या विकास नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित झाली तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. ऐकून मुंबईकर निश्चिंत झाले. बागा होणार, घरं होणार. 2001 मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी आता अख्ख्या जमिनीची नव्हे, तर बांधकाम नसलेल्या, आधीपासून मोकळ्या तुकड्याचीच. गिरण्यांच्या बहुतेक जमिनीवर शेड उभ्या होत्या. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. 'एक तृतीयांश' हे शब्द जागचे हलले नाहीत, आणि कशाचा एक तृतीयांश, हे वेळेवर विचारणारे मोजकेच निघाले. कामगाराच्या भ्रमाची किंमत त्याच्या स्वतःच्या घराने मोजली. शहराच्या भ्रमाची किंमतही बरीचशी त्याच्याच माथी आली.