किमती वाहन आणि त्याचे भाडे

बुऱ्हाणपुरास येणाऱ्या परगावच्या व्यापाऱ्याने वाहन भाड्याने घ्यावे, ही रीत आजकालची नव्हे. सतराव्या शतकात सुरतेहून आग्र्यास जाण्याचे दोन मार्ग प्रचारात होते. एक अहमदाबादेवरून जाई, दुसरा बुऱ्हाणपूर व सिरोंज यांवरून. ह्या दुसऱ्या मार्गाने प्रवास केलेला फ्रेंच जवाहिऱ्या झाँ बाप्तिस्त ताव्हेर्निये याने त्या काळच्या भाड्याचा मोठा नेमका तपशील नोंदवून ठेविला आहे. दोन बैलांच्या हलक्या गाडीस रोजचे भाडे सुमारे एक रुपया पडे. सुरतेहून आग्र्यापर्यंत पस्तीस ते चाळीस दिवस लागत व सबंध प्रवासाचे चाळीस ते पंचेचाळीस रुपये होत. पण त्याच ताव्हेर्नियेने स्वतःच्या गाडीसाठी जी बैलजोडी घेतली होती, तिला त्याने जवळजवळ सहाशे रुपये मोजले होते. असले बैल दोन-दोन महिने रोज दुडक्या चालीने मजल मारीत. दुपारच्या थांब्यावर त्यांना कणकेत तूप-गूळ घालून मळलेले गोळे मिळत, आणि सायंकाळी भरडलेले व भिजविलेले हरभरे.

सभासदबंधूंनी येथे क्षणभर थांबून हिशेब करावा. रोजचे भाडे एक रुपया आणि जोडीची किंमत सहाशे रुपये. म्हणजे चालू दराने भाड्यास लाविले असते तर वैरण, खुराक व गाडीवान यांचा खर्च जमेस न धरताही नुसते मुद्दल सुटावयास सहाशे दिवस लागते. साहजिकच अशी जोडी भाड्यास लागत नसे, ती धन्याच्या स्वतःच्या गाडीस शोभे. भाड्याच्या गाडीस साधे बैल पुरत. आज जो प्रश्न आपल्या तरुण मंडळींपुढे आहे, तो मूळचा हाच आहे. फरक एवढाच की बैलांच्या जागी मर्सिडीज, बी. एम. डब्ल्यू. आणि ऑडी आल्या आहेत.

हा प्रश्न आम्ही उगाच उपस्थित करीत नाही. लग्नसराईत नवरदेवासाठी परदेशी बनावटीची मोटार भाड्याने आणावी, अशी हौस शहरोशहरी वाढली आहे आणि लहान गावेही तीत मागे नाहीत. कापडाच्या पेढीवर बसण्यापेक्षा दोन किमती मोटारी घेऊन त्या भाड्यास लावाव्या, असा विचार काही घरांतून बोलला जातो. त्यासाठी कर्ज काढण्याची तयारीही असते. घरच्या भांडवलाचा हा विषय आहे, म्हणून तो या स्मरणिकेच्या पानांवर मांडणे अस्थानी होणार नाही.

ऐषारामाचे वाहन कालांतराने भाड्यास लागते, हा तसा जुनाच क्रम आहे. इंग्लंडच्या राणीचे नाव धारण करणारी व्हिक्टोरिया ही घोडागाडी युरोपात सरदार-दरकदारांच्या हौसेची होती. मुंबईत ती भाड्याची झाली, शेवटी शेवटी चौपाटीवरील पर्यटकांची झाली आणि जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने तिच्यावर पडदा टाकला. परदेशी वाहनाची हौस तर बादशहासही सुटली नव्हती. सर टॉमस रो हा इंग्रज वकील १६१५ च्या नोव्हेंबरात बुऱ्हाणपुरास शाहजादा परवेझच्या भेटीस आला होता. पुढे अजमेरास त्याने जहांगिरास इंग्लंडहून आणलेली बग्गी नजर केली, तेव्हा बादशहाने कारागिरांकडून तिच्यासारखी दुसरी करवून घेतली. आपल्या देशी कारागिरांनी परदेशी वाहनाची केलेली ही हुबेहूब नक्कल वाचून आम्हांस कुर्ल्याच्या कारखान्याची आठवण होते.

त्या कारखान्याची हकीकत आपल्या समाजातील प्रत्येक तरुणास ठाऊक असावी. सोलापूरच्या दोशी घराण्यात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद हे आपल्याच दिगंबर जैन समाजातील. आगबोटी, विमाने आणि साखर या तिन्ही धंद्यांत ज्यांनी हात घातला त्यांना मोटारीने मोह घातला नसता तरच नवल. १९३९ साली ते अमेरिकेस गेले. फोर्डशी बोलणी जमली नाहीत, पण क्रायस्लर कंपनीशी त्यांनी संधान बांधले. परकी सरकारने युद्धकाळात ह्या उद्योगास म्हणावे तसे साह्य दिले नाही. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली आणि १९४७ साली कुर्ल्यास डॉज, डिसोटो व प्लिमथ ह्या अमेरिकन गाड्या जुळून बाहेर पडू लागल्या.

ह्या गाड्या लहानसहान नव्हत्या. लांबरुंद, सोफ्यासारख्या बैठकीच्या आणि पेट्रोल पिण्यात उदार अशा त्या मोटारी सामान्य गृहस्थाच्या आटोक्याबाहेरच्या होत्या. आणि तरीही स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत मुंबईच्या रस्त्यांवर याच जातीच्या मोठ्या अमेरिकन गाड्या टॅक्सी म्हणून धावताना लोकांनी पाहिल्या. मुंबई-पुणे मार्गावर वाटणीने उतारू घेणाऱ्या गाड्यांत त्यांचा वावर पुष्कळ काळ राहिला. धनिकाने वापरून विकलेली गाडी टॅक्सीवाल्याने घेतली, पेट्रोलचे इंजिन काढून त्या जागी डिझेलचे बसविले आणि तिचे आयुष्य वाढविले. म्हणजे किमती गाडी टॅक्सी म्हणून परवडली ती केव्हा, तर तिच्या नवेपणाची किंमत दुसऱ्या कोणी आधीच भरून टाकल्यावर. ह्या साध्या गोष्टीकडे आमच्या मते पुरेसे लक्ष दिले जात नाही.

वालचंद शेठ ८ एप्रिल १९५३ रोजी निवर्तले. पुढे त्याच कारखान्याने इटलीच्या फियाट कंपनीच्या लहान गाडीचा अंगीकार केला. तीच गाडी १९७० नंतरच्या काळात प्रीमियर पद्मिनी ह्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि काळ्या-पिवळ्या रंगात मुंबईचे चिन्ह होऊन बसली. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदविली गेली. टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. डॉज-प्लिमथचा दिमाख ज्या कारखान्याने आरंभी मिरविला, त्याला चार दशके अन्न दिले ते ह्या लहान गाडीने.

उलट उदाहरण नाही असे नाही, व ते दडवून ठेवणे उचित होणार नाही. जर्मनीत मर्सिडीज ही प्रतिष्ठेची गाडी, आणि तीच तेथील टॅक्सीही. १९३६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात या कंपनीने २६० डी ही डिझेलवर चालणारी प्रवासी मोटार मांडली, तेव्हा तिचे प्रथमचे गिऱ्हाईक टॅक्सीवालेच होते. कारण गाडी महाग असली तरी डिझेल स्वस्त पडे व इंजिन झिजता झिजत नसे. ग्रीस देशातील ग्रेगोरिओस साखिनिदिस ह्या टॅक्सीचालकाची १९७६ सालची २४० डी मोटार ४६ लाख किलोमीटर धावली आणि २००४ साली कंपनीच्या संग्रहालयात जाऊन बसली. पण वाचकांनी एक भेद ध्यानी घ्यावा. त्या गाडीस टॅक्सीधंद्यात मान मिळाला तो टिकाऊपणामुळे, दिमाखामुळे नव्हे. ती रोज धावत होती. लग्नाच्या मांडवापुढे फुलांच्या माळा घालून उभी राहणारी गाडी वर्षाकाठी किती दिवस धावते?

आपण एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशेबासाठी आहेत. समजा मोटारीची किंमत साठ लाख रुपये. दरसाल दहा टक्के व्याज धरल्यास सहा लाख होतात. बाजारातील किंमत पहिल्या वर्षी पंधरा टक्के उतरली असे धरले तर नऊ लाख. चालकाचा पगार, विमा, टायर, दुरुस्ती मिळून पाच लाख. इंधन सोडून वर्षाचा खर्च वीस लाख झाला. आता मुहूर्ताचे दिवस मोजा. आषाढी एकादशीपासून कार्तिकापर्यंतचा चातुर्मास गेला, पौष गेला, अधिक मास आला तर तोही गेला. पन्नास दिवस गाडी जाईल असे धरणेही उदारपणाचेच आहे. रोजी चाळीस हजार रुपये भाडे मिळाले तर धनी बरोबरीस येतो, नफ्याचे नाव नाही. याच हिशेबाने चोवीस लाखांची मोठी गाडी घेतल्यास व्याज व घसारा मिळून सहा लाख आणि इतर खर्च पाच, असे अकरा लाख होतात. इंदूरच्या विमानतळावरून येणारे कापडव्यापारी, दर्गा-ए-हकीमीस येणारे बोहरा यात्रेकरू, असीरगड व शाही किल्ला पाहावयास येणारे प्रवासी यांच्यासाठी ती वर्षातून अडीचशे दिवस फिरली तर रोजी चार हजार चारशे रुपयांत खर्च निघतो. पहिल्या गाडीचे गिऱ्हाईक हौसेवर अवलंबून असते, दुसरीचे गरजेवर.

प्राप्तिकरात घसाऱ्याची सोय आहे, हे खरे. १९६१ च्या कायद्याखालील नियमांत साध्या मोटारीस पंधरा टक्के आणि भाड्याने चालविण्याच्या मोटारीस तीस टक्के घसारा ठरविण्यात आला. सरकारनेच भाड्याच्या गाडीची झीज दुप्पट धरली, यातच धंद्याचे स्वरूप आले. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवर वस्तू व सेवा कर चाळीस टक्के झाला आहे. त्याचा परतावा भाड्याच्या धंद्यात कोणत्या दराने कर आकारल्यास मिळतो, हे आपल्या हिशेबनिसास आधी विचारावे, गाडी घेतल्यावर नव्हे.

आणखी एक गंमतीची बाब सांगितल्यावाचून राहवत नाही. जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग ह्या शर्यतीच्या मार्गावर बी. एम. डब्ल्यू. कंपनी एम-५ ह्या वेगवान मोटारीतून उतारूंना भाडे घेऊन फिरवीत असे. २०.८ किलोमीटरच्या त्या वळणावळणाच्या फेरीत साबीने श्मिट्झ ही महिला चालक अशी काही गाडी हाकी की जगातील सर्वांत वेगवान टॅक्सीचालक म्हणून तिची ख्याती झाली. तेथील चोवीस तासांची शर्यत तिने १९९६ व १९९७ अशी दोनदा जिंकली होती. मार्च २०२१ मध्ये ती वारली. त्या टॅक्सीत वेग हाच माल होता व त्यासाठीच लोक पैसे मोजीत. आपल्याकडे मात्र टॅक्सी म्हणून नोंदणी करावयाच्या मोटारीस ताशी ८० किलोमीटरवर वेग रोखणारे यंत्र बसविण्याचा नियम आला. अडीचशेच्या वेगाने धावण्यासाठी घडविलेल्या इंजिनाची किंमत भरावयाची आणि ते ऐंशीवर बांधून ठेवावयाचे, हा व्यवहार कोणत्या वहीत मांडावा ते आम्हांस कळत नाही.

ह्या बंधनांतून सुटण्यासाठीच की काय, खाजगी नोंदणीच्या पांढऱ्या पाटीची गाडी गुपचूप भाड्याने देण्याची वाईट चाल पुष्कळ ठिकाणी पडली आहे. तिच्याविषयी आम्ही स्पष्ट लिहितो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परवान्यावाचून भाडे घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपये दंड सांगितला आहे. दंड भरून माणूस मोकळा होईलही, परंतु वरातीच्या गर्दीत अपघात झाला तर खाजगी वापराचा विमा उतरविणारी कंपनी भाड्याच्या फेरीची नुकसानभरपाई देण्यास नकार देऊ शकते. मग जखमी माणसाचा भार पेढीवर येतो. एका रात्रीच्या भाड्यासाठी पिढ्यांची पेढी टांगणीस लावणे, हे ज्यांना व्यापार म्हणावासा वाटतो त्यांच्याशी आमचा मतभेद आहे.

चालकाचा प्रश्नही वेगळा आहे. हलक्या मोटारीचा परवाना असलेल्यास साडेसात हजार किलोपर्यंतचे भाड्याचे वाहन चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. कागद पुरेसा झाला, पण हात पुरेसा झाला असे नव्हे. भारी इंजिनाची गाडी, नाचणारी वरात आणि रात्री दोन वाजता पेंगणारा चालक, हे तिन्ही एकत्र येऊ देऊ नयेत. त्याला विश्रांती आणि वेळेवर जेवण देणे ही यजमानाची व मालकाची दोघांचीही जबाबदारी आहे. ताव्हेर्नियेच्या बैलांनाही थांब्यावर खुराक मिळत होता!

एकट्याने धाडस करण्यापेक्षा चार-सहा सभासदांनी मिळून चांगल्या, मजबूत, मध्यम किमतीच्या गाड्या घ्याव्यात आणि किमती गाडी हवीच असेल तर तीन-चार वर्षे वापरलेली एकच घ्यावी, असे आम्ही सुचवितो. नवेपणाचा तोटा पहिल्या धन्याने सोसलेला असतो, हे डॉज-प्लिमथच्या काळापासून खरे ठरत आले आहे. उबर ही अमेरिकन संस्था २०१३ मध्ये प्रथम बंगळुरूस आली ती किमती मोटारींची सेवा घेऊनच. पण पुढे तिचा विस्तार झाला तो लहान गाड्यांवर.

आणि ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी गाडीचा विसार देण्यापूर्वी तिची पाटी पिवळी आहे ना, परवाना चालू आहे ना आणि विमा भाड्याच्या वाहनाचा आहे ना, हे तिन्ही कागद मागून पाहावेत. वरात इच्छापूर ओलांडून रावेर-भुसावळकडे जाणार असेल तर परवाना महाराष्ट्रातही चालतो की नाही याची खात्री आदल्या आठवड्यातच करून घ्यावी. नाक्यावर गाडी अडली तर मुहूर्त कोणासाठी थांबत नाही.