भिंग आणि अंतर

छायाचित्रणाचा नाद ज्यास लागला, त्याच्या मनात केव्हा ना केव्हा एक प्रश्न उभा राहतोच : सर्वांत उत्तम भिंग कोणते? पक्ष्यांच्या मागे हिंडणारा एक उत्तर देतो, फुलपाखरांचा शौकीन दुसरे देतो आणि माणसांचे चेहरे टिपणारा तिसरेच काही सांगतो. हा सारा हौसेचा व आवडीनिवडीचा मामला असावा, असे आम्हांसही प्रथम वाटले होते. परंतु एका लहानशा प्रसंगामुळे या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहावयास आम्ही शिकलो. तो प्रसंग प्रथम सांगतो.

गेल्या वर्षी वैशाखाच्या सुमारास आम्ही काही विद्यार्थी कॅमेरा घेऊन इंदूरच्या सिरपूर तलावाच्या काठी गेलो होतो. कॅमेऱ्यास 50 मि.मी.चे साधे भिंग होते. काठापासून थोड्या अंतरावर उघड्या जमिनीवर एक टिटवी बसलेली दिसली. आम्ही चित्र घेतले, पण त्यात टिटवी कोठे आहे, हे शोधावे लागत होते. म्हणून पुढे सरकलो. पुन्हा चित्र घेतले व पुन्हा पुढे सरकलो. तीन मीटरांवर पोहोचलो, तशी टिटवी ओरडत उठली आणि आमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. पाहतो तो खड्यांमध्ये खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी! त्यांचीही चित्रे घेत आम्ही पंधरा-वीस मिनिटे तेथेच रेंगाळलो. बरोबर आलेल्या गुरुजींनी हाक मारून आम्हांस मागे बोलाविले आणि समजावून सांगितले, की भर उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते ती त्यांना ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली देण्यासाठी. कित्येकदा ती पाण्यात पोट भिजवून येते आणि त्या ओल्या पिसांनी अंडी थंड राखते. आमची चित्रे बरी आली होती. पण ती पाहताना त्या उन्हात उघड्या पडलेल्या अंड्यांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. आमचे चुकले कोठे? याचे उत्तर शोधता शोधता आम्ही भिंगाच्या शास्त्राकडे वळलो.

बहिर्गोल भिंगाने सूर्याचे ऊन कागदावर एकवटण्याचा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी केला असेल. ऊन जेथे बिंदूसारखे एकवटते, तेथपासून भिंगापर्यंतचे अंतर म्हणजे त्या भिंगाचे नाभीय अंतर. कॅमेऱ्याच्या भिंगात एकाऐवजी अनेक काचा असतात. तथापि त्या सर्वांचे मिळून एक नाभीय अंतर धरतात आणि तेच मि.मी.मध्ये भिंगावर लिहिलेले असते. दूरच्या वस्तूची प्रतिमा केवढी पडेल, याचा हिशेब अगदी सोपा आहे. वस्तूच्या लांबीस नाभीय अंतराने गुणावे आणि ती वस्तू जितकी दूर असेल, त्या अंतराने भागावे.

आता हाच हिशेब आमच्या टिटवीस लावून पाहू. टिटवीची लांबी चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे 35 सें.मी. असते. ती 30 मीटर दूर असताना 50 मि.मी.च्या भिंगाने तिची प्रतिमा जेमतेम अर्ध्या मि.मी.हून किंचित मोठी पडते. कॅमेऱ्यातील चित्राची चौकट मात्र 36 मि.मी. रुंद व 24 मि.मी. उंच असते. हे माप 35 मि.मी. फिल्मच्या कॅमेऱ्यांनी रूढ केले, आणि आजच्या मोठ्या डिजिटल कॅमेऱ्यांतील सेन्सरही याच मापाचा असतो. एवढ्या चौकटीत अर्ध्या मि.मी.चा ठिपका तो काय दिसणार? त्याच जागेवरून 500 मि.मी.चे भिंग लावले, तर प्रतिमा दहापट, म्हणजे सुमारे 6 मि.मी.ची पडते. साध्या भिंगाने एवढीच प्रतिमा हवी असेल, तर 3 मीटरांपर्यंत जावे लागते. आम्ही नेमके तेच केले होते! जे चित्र 30 मीटरांवरून मिळाले असते, त्यासाठी आम्ही घरट्याजवळ जाऊन उभे राहिलो. लांब पल्ल्याचे भिंग प्राण्यास जवळ आणते, असे सर्वजण म्हणतात. ते खरेच आहे. पण त्याचा अधिक मोलाचा गुण असा, की ते छायाचित्रकारास दूर राहू देते.

आता कोणी विचारील, की मग नाभीय अंतर वाढवीतच का नेऊ नये? यात पहिली अडचण लांबीची. 500 मि.मी. नाभीय अंतराचे साधे भिंग चित्रफलकापासून सुमारे अर्धा मीटर दूर ठेवावे लागते. यावर 1891 साली इंग्लंडात टॉमस डालमायर यांनी, तर जर्मनीत आडोल्फ श्टाइनहाइल व आडोल्फ मीटे यांनी स्वतंत्रपणे उपाय शोधला. पुढे किरण एकत्र आणणाऱ्या काचा व मागे त्यांना किंचित फाकविणाऱ्या काचा बसविल्या, म्हणजे भिंगाची लांबी त्याच्या नाभीय अंतराहून कमी ठेवता येते. यालाच टेलिफोटो रचना म्हणतात.

दुसरी अडचण प्रकाशाची. भिंगावर एफ 4, एफ 8 असे आकडे असतात. नाभीय अंतरास त्या आकड्याने भागले, की प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा व्यास मिळतो. 50 मि.मी.च्या भिंगास एफ 4 साठी साडेबारा मि.मी.चे छिद्र पुरते, 600 मि.मी.च्या भिंगास मात्र 150 मि.मी.चे छिद्र लागते. एवढ्या मोठ्या काचांमुळे अशा भिंगाचे वजन सुमारे 3 किलो असते आणि त्या निर्दोष घडविणे हे अत्यंत कष्टाचे काम असल्यामुळे किंमत कित्येक लाख रुपये असते. याच नाभीय अंतराचे एफ 11 चे भिंग एक किलोहूनही हलके मिळते. परंतु त्यातून येणारा प्रकाश एफ 4 च्या मानाने एक-सप्तमांशाहूनही कमी असतो. आणि वन्यप्राणी तर बहुधा पहाटे व सायंकाळी, म्हणजे प्रकाश मंद असतानाच बाहेर पडतात!

तिसरी अडचण हाताच्या कंपाची. भिंग प्रतिमेबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा करते. म्हणून जितके मि.मी. नाभीय अंतर, सेकंदाच्या तितक्याव्या भागाहून अधिक वेळ शटर उघडे ठेवू नये, असा जुना संकेत आहे. 500 मि.मी.स एक-पंचशतांश सेकंद पुरे. 1995 साली कॅनन कंपनीने भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी कंप शोषून घेणारे भिंग आणले, तेव्हापासून हे संकट पुष्कळ कमी झाले आहे. परंतु ही सोय हाताचा कंप थांबविते, पाखराचे पंख थांबवीत नाही, हे विसरता कामा नये. चौथी अडचण तर कोणत्याही कारागिरास दूर करता येणार नाही. दुपारी तापलेल्या जमिनीवरील हवा थरथरत असते आणि तिच्यातून दूरचे चित्र घेतले, तर उत्तम भिंगही अस्पष्टच प्रतिमा देते. म्हणून जाणकार लोक सकाळची वेळ साधतात.

अशी भिंगे नव्हती, तेव्हा लोकांनी काय केले, हेही जाणण्यासारखे आहे. इंग्लंडातील रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी 1895 साली पक्ष्यांच्या घरट्यांवरील आपले सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. पाखरांनी बुजू नये, म्हणून त्यांनी एक पोकळ बैल तयार करवून त्याच्या पोटात बसून चित्रे घेतली! आपल्या देशात संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी जंगलाच्या वाटेवर तार अशी लावली, की वाघाचा पाय लागताच झगझगीत प्रकाश पडून चित्र उमटावे. त्यांचे पुस्तक 1927 साली प्रसिद्ध झाले. भिंग वाघाच्या समीप, पण माणूस तेथून दूर, अशी ही युक्ती होती. आज वाघांची गणना करण्यासाठी जंगलात जे स्वयंचलित कॅमेरे लावतात, त्यांचे मूळ अशाच प्रयोगांत आहे. याउलट, समीप जाण्याची किंमत विख्यात पक्षी-छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांना द्यावी लागली. 1937 साली वेल्समध्ये घुबडाच्या घरट्याजवळील आपल्या लपणाकडे रात्री चढत असता घुबडाने झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा गेला. त्यांनी त्यानंतरही आयुष्यभर पक्ष्यांचीच चित्रे घेतली.

एवढे ध्यानात घेतले, म्हणजे निरनिराळ्या छायाचित्रकारांच्या आवडीचे मर्म उलगडते. तळ्यावरील पाखरे टिपणारा 500 किंवा 600 मि.मी. पसंत करतो, कारण पाखरू लहान आणि भित्रे असते. जीपमधून वाघ पाहावयास जाणारा बहुधा 100 ते 400 मि.मी. असे पल्ला बदलणारे झूम भिंग घेतो. कारण वाघ कधी दूरच्या गवतात असतो, तर कधी वाटेवरच येतो, आणि तेथे छायाचित्रकारास जागा सोडून हलता येत नाही. फुलपाखरांसाठी मॅक्रो भिंग हवे. ते कीटकाची प्रतिमा त्याच्या खऱ्या आकाराएवढी पाडू शकते. येथेही 60 मि.मी.पेक्षा 100 मि.मी.चे भिंग अनेकांस आवडते. कारण तेवढ्याच मोठ्या प्रतिमेसाठी ते अधिक लांबून चालते आणि भिंगाची सावली फुलावर पडत नाही. माणसांच्या चेहऱ्यासाठी 85 मि.मी.च्या आसपासचे भिंग मानले जाते. रुंद कोनाच्या भिंगाने चेहरा भरून घ्यावयाचा, तर फार जवळ जावे लागते, आणि मग नाक मोठे व कान लहान दिसतात. हा दोष भिंगाचा नव्हे, तर जवळिकीचा होय. याउलट, हत्तींचा कळप ज्या नदीकाठी व ज्या रानात राहतो, ते रानही दाखवावयाचे असेल, तर 24 मि.मी.चे रुंद कोनाचे भिंगच योग्य. मात्र तेव्हा कळप दूर, लहानच दिसू द्यावा.

सारांश, भिंग निवडणे म्हणजे आपण आपल्या विषयापासून किती अंतरावर उभे राहावयाचे, हे ठरविणे होय. हा प्रश्न केवळ सौजन्याचाही नाही. आपल्या देशातील 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली आहे, तीत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणेही येते. बंदूक हाती नसली, म्हणजे आपण निरुपद्रवी झालो, असे समजण्याचे कारण नाही.

यंदा आम्ही पुन्हा त्याच काठावर गेलो. या वेळी 200 ते 500 मि.मी.चे एक झूम भिंग दोन दिवसांच्या भाड्याने आणले होते. सकाळच्या उन्हात एका बाभळीआड आम्ही बसून राहिलो. टिटवी दूर, आपल्या अंड्यांवर बसली होती. आम्ही नऊ चित्रे घेतली. त्यांपैकी दोन स्पष्ट आली. गेल्या वर्षीच्या चित्रांत टिटवी चोच उघडून ओरडताना दिसते. यंदाच्या चित्रांत ती डोळे अर्धवट मिटून स्वस्थ बसली आहे. दोन्ही चित्रे आमच्या वर्गातील फलकावर शेजारी शेजारी लाविली आहेत. वाचकांनी ती अवश्य पाहावीत.