पोटखराब्यातील पीक

जमाबंदीच्या दप्तरात ‘पोटखराबा’ असा एक शब्द आहे. सर्व्हे नंबरातील जो तुकडा नांगराला दाद देत नाही, ज्यावर उघडा खडक, ओघळ किंवा माळच आहे, आणि म्हणून ज्याच्यावर सरकारनेही सारा आकारण्याची आशा सोडली आहे, तो पोटखराबा. साताऱ्याहून सज्जनगडाच्या बाजूने निघून, ठोसेघरचा धबधबा मागे टाकून, चाळकेवाडीच्या सड्यावर जो प्रवासी पोहोचतो, त्याला या शब्दाचा अर्थ तलाठ्याला विचारावा लागत नाही. जांभ्या खडकाची सपाटी, तिच्यावर बोटभर माती, आणि आषाढात माणसाला उभे राहू न देणारा वारा! ज्या वाऱ्याने घराची कौले उडवावीत, नाचणीची रोपे लोळवावीत आणि गुरांना दिवसदिवस गोठ्यात कोंडून ठेवावे, त्याची किंमत गावाच्या लेखी शून्याहूनही कमी असली तर नवल नव्हे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत याच वाऱ्याचे पीक निघू लागले, आणि सातबाऱ्यात ज्याला कधी रकाना नव्हता ते विजेच्या हिशेबात मेगावॅटने मोजले जाऊ लागले.

वारा म्हणजे अखेर सूर्याचीच उष्णता. ग्रीष्मात भारतीय उपखंडाची भूमी तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी अरबी समुद्रावरील दमट हवा ईशान्येकडे धाव घेते. वाटेत सह्याद्रीची भिंत आडवी येते. रुंद पाटाचे पाणी अरुंद चरीत शिरताच जसा वेग घेते, तशी ही हवा कड्यावरून चढताना माथ्यावर दाटते आणि वेगवान होते. हा वेगच येथे सर्वस्व आहे. कारण वाऱ्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ५ मीटर वाहणारा वारा १० मीटरने वाहू लागला, तर त्याच्यातील शक्ती दुप्पट नव्हे, आठपट होते. तेव्हा कोणत्या टेकाडावर मनोरा उभारावा, हा प्रश्न यंत्राच्या निवडीहून कमी महत्त्वाचा नाही. आणि हजार-अकराशे मीटर उंचीवर हवा समुद्रकाठच्या मानाने सुमारे एक दशांश विरळ असली, तरी वेगाचा लाभ ती तूट भरून काढून वर शिल्लक ठेवतो.

हा सगळा वारा पकडता मात्र येत नाही. पात्यांमागची हवा अगदीच निश्चल झाली, तर पुढून येणाऱ्या हवेला वाटच उरणार नाही. आदर्श चक्रही वाऱ्याच्या शक्तीपैकी फार तर ५९.३ टक्के घेऊ शकेल, हे आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ साली गणिताने सिद्ध केले, आणि ती मर्यादा आजवर कोणाला ओलांडता आलेली नाही. सह्याद्रीच्या वाऱ्यालाही स्वतःचा काही वाटा राखून ठेवण्याची मुभा निसर्गाने दिली आहे, असे म्हणू या.

आपल्याकडे वाऱ्याच्या शेतीपूर्वी वाऱ्याची मोजणी झाली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पुण्याच्या वेधशाळेत हवामान-उपकरणांचा विभाग ज्यांच्या देखरेखीखाली आकारास आला, त्या अ‍ॅना मणी यांनी निवृत्तीनंतरची वर्षे वाऱ्याच्या वेगाच्या नोंदी जमविण्यात आणि त्यांचे ग्रंथ सिद्ध करण्यात घालविली. जमिनीच्या मोजणीदारांची नावे गावोगाव घेतली जातात; वाऱ्याच्या या मोजणीदार बाईंचे नाव सड्यावर किती जणांना ठाऊक असेल, याची मला शंका आहे.

पुढे भांडवल आले. साताऱ्यात चाळकेवाडी आणि कोयनेच्या जलाशयावरचे, सुमारे ११५० मीटर उंचीवरील वनकुसवडे, सांगलीत शिराळ्याकडील गुढे-पाचगणीचे पठार आणि पार दुष्काळी अंगाला कवठेमहांकाळ तालुक्यातील ढालगाव, अशी मनोऱ्यांची रांग उभी राहिली. या उत्साहामागे वाऱ्याइतकाच प्राप्तिकराचाही जोर होता, हे लपविण्यात अर्थ नाही: यंत्राच्या किमतीचा फार मोठा भाग पहिल्याच वर्षी घसारा म्हणून वजा करता येत असे, आणि त्यामुळे मनोरा उभा राहिला की मालकाचे निम्मे कार्य सिद्धीस जाई, मग पाती किती फिरोत! पहिली यंत्रे साडेतीनशे किलोवॅटच्या आसपासची. आज एकेक यंत्र तीन मेगावॅटचे असते, म्हणजे जुनी आठ-नऊ यंत्रे उतरवून त्यांच्या जागी एक उभे करावे, हा व्यवहार आता हिशेबी ठरतो. जमिनीच्या मोबदल्याच्या तक्रारी आणि दलालांच्या करामती यांची बखर निराळीच लिहावी लागेल.

लाभ कोणता, असे विचाराल तर कोळशाचे उदाहरण पुरे. औष्णिक केंद्रात एका युनिटामागे अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो आणि त्यातून किलोभराच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आकाशात जातो. सड्यावरच्या युनिटाला इंधन लागत नाही, राख टाकायला जागा लागत नाही, वाफ थंड करायला नदीही लागत नाही. मात्र वारा हुकमाचा ताबेदार नाही. ज्येष्ठ ते श्रावण तो भरभरून देतो. दसरा गेला की पाती तासन्‌तास स्तब्ध दिसतात.

या ठिकाणी साताऱ्याचे भाग्य असे की, वाऱ्याचा जोडीदार त्याच्या पायथ्याशीच बसला आहे. जो मोसमी प्रवाह वनकुसवड्याची पाती फिरवतो, तोच थोड्या अंतरावर पाऊस होऊन कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयात उतरतो. धरणाची साठवण १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस पोफळीकडे सोडलेले पाणी तेथील भूगर्भातील यंत्रे १९६२ पासून फिरवीत आले असून, कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता सुमारे १९६० मेगावॅट आहे. मेघांनी आणलेल्या संपत्तीतील वारा ही रोजमजुरी, उभ्या उभ्या खर्चायची. पाणी ही ठेव. जलविद्युत यंत्र काही मिनिटांत चालू वा बंद करता येते, त्यामुळे वारा पडलेल्या संध्याकाळी ही ठेव मोडता येते. अर्थात तिलाही मर्यादा आहे: कृष्णेच्या पाणीवाटपाचा निवाडा करणाऱ्या बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यास वर्षाला ६७.५ टीएमसीची हद्द घातली आहे, म्हणून वाचलेल्या प्रत्येक घनफुटाला मोल.

उन्हाळ्याची पाळी सूर्याकडे. पाटण तालुक्यातीलच मान्याचीवाडी, सारी घरे छपरावरील सौर पट्ट्यांवर चालणारे गाव, २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. समाजसुधारक आगरकरांचे जन्मगाव जे टेंभू, तेथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून आटपाडीसारख्या अवर्षणग्रस्त मुलखाकडे नेणाऱ्या उपसा योजनेचा खरा अडसर पाण्यापेक्षा विजेचे बिल हाच राहिला आहे. तेथेही सूर्याची वीज कामी यावी, कारण जेव्हा पिके सर्वांत तहानलेली असतात, तेव्हाच ऊन सर्वांत कडक असते.

तथापि पोटखराब्याकडे पुन्हा वळले पाहिजे. सडा रिकामा नव्हता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळकेवाडीवर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्ष्यांची संख्या जवळजवळ चौपटीने कमी, आणि त्यामुळे सरड्यांची दाटी अधिक, असे त्यांना आढळले. भय सरल्याने ते सरडे माणसाला अधिक जवळ येऊ देत, त्यांच्या रक्तातील ताणाचे संप्रेरक कमी भरे. पण गर्दीत खाद्याची ओढाताण होऊन अंगाने ते रोडावले होते आणि नरांचे रंगही फिके पडले होते. पाती पक्ष्याला लागतात, आणि परिणाम दगडाखालच्या प्राण्यापर्यंत उतरतो.

या सरड्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘सरडा सुपर्बा’. २०१६ साली त्याचे बारसे करताना शास्त्रज्ञांनी लॅटिनला बाजूस सारून वंशाला (जीनसला) सड्यावरच्या गुराख्याचाच शब्द दिला. वैशाखाच्या उन्हात नर एखाद्या दगडावर चढतो आणि गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उलगडतो, मिटतो, पुन्हा उलगडतो. वरची मोठी पाती त्या वेळी सावकाश फिरत असतात. पश्चिमेचा वारा अजून निघायचा असतो.