डॉक्टर कुणाला सांगतील, कुणाला नाही?

“तपासून घे म्हणता खरं, पण उद्या माझं नाव सरकारात गेलं तर? सासरी कळलं तर?” गुप्तरोगाची शंका आली की बाईच्या मनात औषधाच्या आधी हा प्रश्न येतो. या धास्तीपायी कितीतरी जणी दुखणं अंगावर काढतात. तेव्हा मैत्रिणींनो, कायदा काय म्हणतो ते आज नीट समजून घेऊ या.

साथीचे आजार डॉक्टरांनी आरोग्यखात्याला कळवायचे, हा नियम जुनाच आहे. क्षयाचा प्रत्येक रोगी कळवणं तर २०१२ पासून बंधनकारक आहे. त्यात गैर काही नाही. कुठे किती रोगी आहेत हे कळल्याशिवाय औषधपाण्याची सोय करायची कशी? पण कळवणं वेगळं आणि माणसाला गुन्हेगार ठरवणं वेगळं.

गोव्यात नेमकी हीच गल्लत झाली होती. तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एड्ससाठी माणसाला सक्तीनं वेगळं ठेवण्याचं कलम होतं. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला त्याखाली पोलिसांनी धरून नेलं. त्याचा गुन्हा काय? तो नेमानं रक्तदान करायचा आणि त्या रक्तात एच.आय.व्ही. सापडला. म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्याला चौसष्ट दिवस एकटं ठेवलं. त्याची आई ल्यूसी कोर्टात गेली. लेक सुटून घरी आला. कोर्टानं मात्र सरकारचा तो अधिकार मान्यच केला. डॉमिनिक १९९२ साली वारला. आता सांगा, असं ऐकल्यावर कोण आपणहून तपासणीला जाईल? धाकानं रोग थांबत नाही, तो लपतो.

आज एच.आय.व्ही.साठी देशभर वेगळा कायदा आहे. तो २०१७ साली झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यातल्या चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, समजावून सांगून तुमची संमती घेतल्याशिवाय तपासणी करता येत नाही. रक्तपेढीत आलेलं रक्त तपासणं वगैरे मोजके अपवाद आहेत.

दुसरी, तुमचा निकाल गुपित राहिला पाहिजे. तुमच्यावर उपचार करणाऱ्यांना गरजेपुरता तो कळू शकतो आणि कोर्टाचा हुकूम झाला तर सांगावा लागतो. पण सासूबाईंना, शेजारणीला किंवा कचेरीतल्या साहेबांना तुमच्या परवानगीविना सांगायचा हक्क डॉक्टरांना नाही. दवाखान्यातली नोंदही जपून ठेवावी लागते.

तिसरी गोष्ट नवराबायकोची. जोडीदाराला खरोखर धोका असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशक त्याला सांगू शकतात. पण आधी रोग्यालाच ‘तूच सांग’ म्हणून समजवायचं, तो सांगणार नाही अशी खात्री झाली तर ‘आता मी सांगणार’ अशी कल्पना द्यायची, आणि मगच जोडीदाराला समोर बसवून, धीर देऊन सांगायचं. मात्र, सांगितल्यानं बाईला मारहाण होईल किंवा तिला घराबाहेर काढतील अशी सार्थ भीती असेल, तर सांगायचं नाही. म्हणून अशी भीती असेल तर डॉक्टरांजवळ स्पष्ट बोला. संकोच करू नका.

चौथी, आपल्याला लागण आहे हे ठाऊक असलेल्या माणसानं ती दुसऱ्याला होऊ नये म्हणून काळजी घेतलीच पाहिजे. हे बंधन बायकोइतकंच नवऱ्यालाही आहे बरं का!

आता एक बारीक गोम. नवऱ्याचा आजार बायकोला सांगण्याची डॉक्टरांना मुभा आहे, सक्ती नाही. ‘काही असतं तर डॉक्टर बोललेच असते’ या भरवशावर बसू नका. शंका असेल तर आपली तपासणी आपणच करून घ्यायची.

उपदंश, परमा यांसारख्या इतर गुप्तरोगांना २०१७ चा कायदा लागू नाही. पण डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रोग्याचं गुपित त्यांनी राखायचं असतं. कळवणं बंधनकारक असलेला आजार असेल तर तो आरोग्य अधिकाऱ्यांना कळवायचा, गावाला नव्हे! एखाद्या ठराविक माणसाला गंभीर धोका असेल, तेव्हाही त्यांना बोलता येतं. हे रोग औषधांनी बरे होतात. फक्त नवराबायको दोघांनी एकाच वेळी उपचार घ्यायला हवेत, नाहीतर एकाचा बरा झालेला रोग दुसऱ्याकडून परत येतो.

दिवस राहिले असतील तर एच.आय.व्ही. आणि उपदंश या दोन्ही तपासण्या पहिल्या महिन्यांतच करून घ्या. वेळेवर औषध मिळालं तर बाळाला लागण होण्याचा धोका खूपच कमी होतो. सरकारी रुग्णालयात एच.आय.व्ही.ची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. विचारायची लाज वाटत असेल तर १०९७ हा मोफत दूरध्वनी आहे. तिथे नाव सांगावं लागत नाही.

लोक काय म्हणतील याची काळजी मागाहून करू. आधी दवाखान्याची पायरी चढा.