मृगाचे वाहन आणि शेतातील वाफसा

ज्येष्ठाचे ऊन उतरू लागले, की गावच्या पारावर पंचांग उघडले जाते आणि एकच प्रश्न विचारला जातो : “यंदा मृगाचे वाहन कोणते?” बेडूक, म्हैस वा हत्ती निघाला तर मंडळी खुलतात, कोल्हा किंवा मेंढा निघाला तर क्षणभर कोणी बोलत नाही.

हे वाहन ठरविण्याची रीत मोठी गमतीची आहे. सूर्य ज्या नक्षत्रात प्रवेश करतो, तेथपासून त्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असेल तेथपर्यंत मोजावयाचे आणि येणाऱ्या संख्येस नवाने भागावयाचे. बाकी एक उरली तर घोडा, दोन उरली तर कोल्हा. पुढे क्रमाने बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस आणि गाढव. काहीच न उरल्यास हत्ती! भागाकार बिनचूक असतो, यात शंका नाही. मात्र त्यात वारा, ढग आणि जमीन यांना कोठेही जागा नाही. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, माण तालुक्यात ५०० मिलिमीटरच्या आसपास. आणि दोन्हीकडे वाहन एकच. त्या बिचाऱ्या बेडकाने तरी किती ठिकाणी उड्या माराव्यात?

सण चंद्राचे, शेती सूर्याची

आपले बहुतेक सण चंद्राच्या तिथीने येतात. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी पडणारी ही अकरा दिवसांची तूट साधारणपणे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास घालून भरून काढली जाते. म्हणूनच बैलपोळा २०२३ साली १४ सप्टेंबरला आला, तर २०२५ साली २२ ऑगस्टला. बैलाला तारखेशी कर्तव्य नसते. शिंगे रंगली आणि पुरणपोळी मिळाली, म्हणजे त्याचा पोळा साजरा झाला. पिकाचे मात्र तसे नाही.

अधिक मास नसलेल्या हिजरी सनात तर महिने सर्व ऋतूंतून फिरत राहतात. तेहतीस चांद्रवर्षे होतात तेव्हा पिके जेमतेम बत्तीस वेळा घरात आलेली असतात. सारा चांद्रवर्षाने मागितला, तर बत्तीस सुगींवर तेहतीस वर्षांचा सारा द्यावा लागणार! या पेचातून दख्खनेत शुहूर सनाची चाल पडली. त्याचा आरंभ इ. स. १३४४ च्या सुमाराचा मानतात. त्याचे वर्ष सूर्य मृगात शिरला की सुरू होई. म्हणून त्याला ‘मृगसाल’ असेही म्हणत. मराठेशाहीच्या कागदपत्रांत हा सन पदोपदी आढळतो. राज्यकारभाराचे वर्ष शेतकऱ्याच्या तिफणीबरोबर सुरू व्हावे, ही कल्पना मोठी शहाणपणाची होती.

मृग येतो, पाऊस येतोच असे नाही

सूर्य आजकाल मृगात ७ किंवा ८ जूनच्या सुमारास प्रवेश करतो. पण ही तारीखही कायमची नव्हे. नक्षत्रे ताऱ्यांवरून मोजली जातात, आणि ऋतू ठरतात सूर्याच्या उत्तर-दक्षिण जाण्यावरून. पृथ्वीचा आस अतिशय मंद गतीने फिरत असल्यामुळे या दोहोंत सुमारे बहात्तर वर्षांत एका दिवसाचे अंतर पडते. शुहूर सन सुरू झाल्यापासून मृग ऋतूच्या मानाने नऊ-दहा दिवस पुढे सरकला आहे. २२ मार्च १९५७ पासून अमलात आलेली राष्ट्रीय दिनदर्शिका याच कारणास्तव ताऱ्यांशी न जोडता ऋतूंशी जोडलेली आहे.

पावसाचा लहरीपणा तर याहूनही मोठा. २०२३ साली मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला पोहोचला. २०२५ साली २६ मे रोजीच येऊन ठेपला. दोन्ही वर्षी मृग आपल्या ठरल्या वेळी आला. पावसात मात्र महिन्याचा फरक पडला.

पावशा आणि मृगाचा किडा

रानातही दोन पंचांगकर्ते आहेत. पहिला पावशा पक्षी. “पेरते व्हा, पेरते व्हा” असा त्याचा घोष ऐन उन्हाळ्यातच सुरू होतो. वास्तविक ती त्याच्या विणीच्या हंगामातील साद असते. शेतकऱ्याच्या बियाण्याची काळजी त्याला नसते. दुसरा मृगाचा किडा. मखमली लाल अंगाचा हा जीव पावसाने माती चांगली भिजली, की मगच वर येतो. त्याला मारू नये; इतर कीटकांच्या अंड्यांवर तो उपजीविका करतो. पावशा उतावीळ खरा, पण मखमली अंगरखा घातलेला हा किडा ओल पाहिल्यावाचून बाहेर पडत नाही.

कोरडवाहू शेतकऱ्याने गुरू करावा तो या किड्यालाच. एखाद्या वळवाच्या सरीवर पेरणी उरकली आणि पुढे पावसाने ओढ दिली, की कोंब मातीतच करपतात आणि दुबार पेरणी कपाळी येते. बियाण्याचा व मजुरीचा खर्च पुन्हा होतो; मूग-उडदासारख्या पिकांचा हंगामही हातचा जातो. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत खोलवर ओल गेल्यावर, वाफसा येताच पेरणी करावी. मूठभर मातीचा लाडू करून कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकावा. तो पडताच फुटून भुगा झाला तर वाफसा आला; तसाच राहिला तर आणखी थांबावे.

हे थांबणे रिकामे जाऊ नये. घरचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे आणि किती उगवतात ते मोजावे. सोयाबीनचे सत्तर तरी उगवले पाहिजेत. हा हिशेब वाहनाच्या भागाकाराहून सोपा आहे, आणि त्याची बाकी थेट शेतात दिसते.

पारावर पंचांग जरूर उघडावे, वाहनावर पैजाही लावाव्यात. परंतु चाड्यावर मूठ धरण्यापूर्वी ती एकदा मातीत घालून पाहावी.