बॅटरीचा झोत लांब कसा जातो?

औसा तालुक्यात रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याच्या हातात बॅटरी हवीच. बांधावरचा साप वेळीच दिसतो. पण एवढासा दिवा इतका लांब उजेड कसा फेकतो?

दिव्याचा उजेड चहूकडे पसरतो. त्यामागची चकचकीत वाटी तो एकाच दिशेला वळवते. पाटाचं पाणी इतर सऱ्या बंद करून एकाच सरीत सोडलं की जोरात धावतं, तसंच हे.

अमेरिकेत १८९९ मध्ये डेव्हिड मिझेल यांना अशा नळीच्या आकाराच्या बॅटरीचं पेटंट मिळालं. जुन्या बल्बमध्ये बहुतेक वीज उष्णतेतच जाई. एलईडी तेवढ्याच विजेत कितीतरी जास्त उजेड देतो, म्हणून आता एकदा चार्ज केलेली बॅटरी रात्रभराच्या पाळीला साथ देऊ शकते.