सेवाग्रामला जग आले होते

मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत विद्यार्थ्यांच्या 'मॉडेल युनायटेड नेशन्स' परिषदा आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. मुले एकेका देशाची बाजू मांडतात, ठराव लिहितात. जोडीला माजी राजदूत, प्राध्यापक, पत्रकार यांचा परिसंवाद असतो. हवामान, निर्वासित, अण्वस्त्रे, व्यापार असे त्याचे विषय. वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूर गावच्या शाळेतल्या मुलांना हे सगळे परक्या मुलखातले वाटते. पण जागतिक प्रश्नांवरच्या अशा चर्चांचे एक मोठे पर्व आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला घडून गेले आहे.

सुरुवात १९३६ पासून धरावी लागेल. त्या वर्षी गांधीजी शेगावला राहायला आले. हे शेगाव म्हणजेच पुढचे सेवाग्राम. वर्ष सरता सरता बेंजामिन मेज आणि चॅनिंग टोबायस हे दोघे कृष्णवर्णीय अमेरिकी त्यांच्या भेटीला आले. म्हैसूरला वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेची जागतिक परिषद होती, तेवढ्यात वाट वाकडी करून. अल्पसंख्य असलेल्यांनी बलाढ्य बहुसंख्याकांपुढे अहिंसेने कसे लढायचे, हा मेज यांचा प्रश्न होता. पुढे ते अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि मार्टिन ल्यूथर किंग त्यांचे विद्यार्थी. टोबायस १९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अमेरिकी शिष्टमंडळात होते. नेमका प्रश्न घेऊन आलेला माणूस चर्चेतून किती दूरवर जातो, ते इथे दिसते.

या पर्वाचे शिखर म्हणजे १९४९ ची जागतिक शांततावादी परिषद. ती गांधीजींच्या हयातीतच ठरली होती. त्यांच्या हत्येमुळे लांबली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शांतिनिकेतन, अखेरच्या आठवड्यात सेवाग्राम. मधल्या दिवसांत पाहुणे गटागटाने देशभर फिरले. आधी देश पाहा, मग मत मांडा, ही रचना मला फार मोलाची वाटते. आजच्या परिषदांत ती जवळजवळ सापडत नाही. तीसहून अधिक देशांतून माणसे आली: इंग्लंडच्या लेखिका व्हेरा ब्रिटन, अमेरिकेचे शांततावादी नेते ए. जे. मस्टी, दक्षिण आफ्रिकेतून गांधीजींचे पुत्र मणिलाल गांधी. राजेंद्रप्रसाद अध्यक्ष होते, आणि ३१ डिसेंबरला नेहरू बोलले. पार्श्वभूमीही तशीच होती: त्याच वर्षी सोव्हिएत रशियाने पहिला अणुस्फोट केला होता. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सरकार येऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते.

त्या वर्णभेदी देशातून आणखी एक गृहस्थ आले होते: डी. डी. टी. जबावू, फोर्ट हेअर कॉलेजचे निवृत्त प्राध्यापक. परत गेल्यावर त्यांनी या प्रवासावर पुस्तक लिहिले ते इंग्रजीत नव्हे, आपल्या खोसा भाषेत, आपल्या वाचकांसाठी. ते १९५१ मध्ये निघाले. जगाच्या चर्चेतून आपल्या माणसांकडे कसे परतायचे, हे या गृहस्थांकडून शिकावे.

नंतरच्या काळात अशा चर्चा शहरांकडे सरकल्या आणि इंग्रजीत शिरल्या. प्रश्न मात्र इथेच राहिले. कापसाचाच घ्या. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात त्याच नावाने विकला जाई. अमेरिकेतले यादवी युद्ध आपल्याकडच्या कापसाचा भाव चढवून गेले. २००३ मध्ये कानकुनला जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी श्रीमंत देशांच्या कापूस अनुदानाविरुद्ध आवाज उठवला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क त्या वर्षअखेरपर्यंत उठवले आणि वेचणीच्या तोंडावर इथल्या शेतकऱ्याला भावाची धास्ती पडली. मालीचा शेतकरी आणि अल्लीपूरचा शेतकरी एकाच भावाने बांधलेले आहेत. व्यापारावरच्या परिसंवादात हे सांगायला याच गावातली मुलगी लागेल. घरचा कापूस तिने वेचलेला असतो, मोजलेला असतो.

म्हणून परिषदा भरवणाऱ्या महाविद्यालयांना आणि जिल्ह्यातल्या शिक्षकांना विनंती आहे. एक परिषद सेवाग्रामला घ्या, मराठीत घ्या, आणि प्रवेशशुल्क ठेवू नका. पाहुण्या तज्ज्ञांना आदल्या दिवशी हिंगणघाटच्या बाजार समितीत आणि अल्लीपूरच्या शिवारात फिरवा. मग परिसंवादातला पहिला प्रश्न गावातल्या विद्यार्थ्यांना विचारू द्या.